सशांचा उपास

आमच्या यजमानांना ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडरची नोकरी होती. त्या डॉक्टरांना एकच वेड, उपाशीपोटी रक्तातली साखर किती उतरते ते पाहायचं. माणसं काही उपाशी राहून रक्त द्यायला तयार होईनात, म्हणून सशांवर आलं. डॉक्टरांच्या बिऱ्हाडात जागा नव्हती, तेव्हा सशांचे पिंजरे आमच्या कल्याणच्या घरी, मागच्या पडवीत येऊन बसले. मला कोणी विचारलं नाही.

एका सशाला वेगळं काढण्याऐवजी सगळ्यांचाच चारा दिवसभर बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने एकाला टोपलीत घालून ठाण्याला न्यायचं. तो परत येत नसे. सासूबाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. पण घरातलं मुकं जनावर उपाशी असताना त्यांनी उभ्या जन्मात तोंडात घास घातला नव्हता. सशांचा चारा बंद झाला की सासूबाईंचं ताटही बंद. नुकत्याच तापातून उठलेल्या, भिंत धरून चालणाऱ्या त्या. मी चिडायचे, विनवायचे, ताट पुढे सरकवायचे.

"ते जेवले की जेवते," एवढंच उत्तर.

एक दिवस हे ठाण्याहून तोंड पाडून आले. साखर हवी तशी उतरेना म्हणून डॉक्टरांनी सशाचं पोट फाडलं, तर ते भरलेलं. घरातलं कोणीतरी चोरून खायला घालतंय, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघतो, असं बजावलं होतं त्यांनी. सांगता सांगता यांनी आईकडे पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ठरलं ते ठरलं. या खेपेला चारा दोन दिवस बंद, आणि पहारा माझा.

त्या दोन दिवसांत माझा पाय एका जागी ठरला नाही. पडवीत जाऊन पिंजरे बघायचे, आत येऊन सासूबाईंच्या कपाळाला हात लावायचा, पुन्हा पडवीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठायला गेल्या आणि मटकन खाली बसल्या. मला भीती वाटली, अगदी रडू येण्याइतकी. त्यांना भिंतीला टेकवून पुन्हा बाहेर गेले, तर एका सशाने मान पोटाखाली घातली, स्वतःचीच मऊ लेंडी तोंडात धरली आणि गिळली. मग शेजारच्यानेही तेच केलं.

मी धावत आत आले. "सासूबाई, ते खातायत. स्वतःच्याच लेंड्या खातायत. त्यांचा उपास कधी झालाच नाही. उठा, दोन घास खा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "आपण दुसरं काही दिलं नाही ना गं, म्हणून."

मग मला राहवलं नाही. कोपऱ्यातला हरळीचा भारा उचलून मी सगळ्या पिंजऱ्यांत कोंबला आणि सासूबाईंना धरून पडवीत आणलं. ससे कराकरा खाऊ लागले. ते पुरतं पाहिल्यावरच त्या पाटावर बसल्या, आणि मी पेज वाढली.

तेवढ्यात हे आले. पिंजऱ्यांतलं गवत पाहून जागीच थिजले.

"हे काय केलंस? आता डॉक्टरांना काय सांगू मी?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई बोलल्या. पेजेची वाटी त्यांनी खाली ठेवली नाही.

"सांग, आई जेवली."