मॅट्रिकचे पेढे

श्रावण हायस्कुलात गेला, पण शिकायला म्हणून तो गेलाच नव्हता मुळी. नागपुरातल्या त्या कोष्टी गल्लीतून इंग्रजी शाळेत गेलेलं ते पहिलंच पोर. बाप नानाजी मागावर बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा. आणि हे लेकरू काय करायचं? हजेरी झाली की मागच्या भिंतीवरून पसार! मग दिवसभर आखाडा, नाहीतर जुमा तलावात डुंबणं. पहिल्याच वार्षिक परीक्षेत दणकून आपटला, तेव्हा नानाजी एवढंच म्हणाला, "बस झालं गा. आता मागावर बस."

त्याला वाचवलं शरच्चंद्रानं. हो, ते श्रेय त्याचं त्याला द्यायलाच हवं, जिवावर आलं तरी. महाल भागातल्या वकिलाचा हा मुलगा, वर्गात पहिला, आणि बोलण्याची भारी हौस. ऐकायला कुणीतरी हवंच होतं त्याला. स्वतः ओसरीवर बसायचा, श्रावण खाली पायरीवर. पण शिकवायचा मात्र जीव ओतून. भूमितीतलं एक अवघड कोडं श्रावणला आपलं आपण सुटलं, त्या दिवशी तो घरी धावतच आला. तिथून पोराला अभ्यासाचं वेडच लागलं. आखाडा सुटला, पळणं सुटलं, आणि ज्या मास्तरांना तो चुकवायचा त्यांच्याच मागे मागे फिरून शंका विचारू लागला.

पण हा पुस्तकात डोकं घालून बसला, तर मागासाठी सुताच्या कांड्या कोण भरणार? धाकटी बहीण कुसुमावती मुलींच्या शाळेत चौथीत होती, याच्याहून हुशार. "माह्यं नाव काढा शाळेतून," ती आपणहून म्हणाली. "भाऊ मॅट्रिक झाला की मंग मी जाईन परत." श्रावणनं तिला तसा शब्द दिला आणि ती कांड्या भरायच्या रहाटाला बसली.

एकोणीसशे एकवीस साल उजाडलं, श्रावणची मॅट्रिक तोंडावर आली, आणि शहरात असहकाराचं वारं सुटलं. सरकारी शाळा सोडा, परीक्षा सोडा! शरच्चंद्र सभांमधून गरजू लागला. एका संध्याकाळी तलावाच्या काठी त्यानं श्रावणचा हात हातात घेतला. "आपण दोघंही परीक्षेला बसायचं नाही. घे शपथ." श्रावणनं घेतली. शरद म्हणेल ती पूर्व दिशा!

नानाजीनं लेकापुढे हात जोडले. "बाबू, परीक्षा तेवढी देऊन टाक. मंग देशाचं पाहू." नाही म्हणजे नाही. भर वर्गात उभं राहून श्रावणनं शाळेतून नाव काढून घेतलं. अशांना पुन्हा घेणार नाही, असं शाळेनं ठणकावलं होतं, त्याचीही याला फिकीर नव्हती. शरच्चंद्र प्रचाराला जातो म्हणून गावाबाहेर गेला, आणि इकडे हा वेडा गल्लीभर सांगत सुटला, "आमचा शरद घरदार सोडून देशासाठी खेडोपाडी हिंडून राहिला!"

उन्हाळ्यात एका दुपारी शरच्चंद्र दारात उभा राहिला. हातात पेढ्यांचा पुडा.

"पास झालो!"

श्रावणची माय रंभाबाई हरखली. "काह्यात गा, बाबू?"

"मॅट्रिक! जबलपूरला मामांकडे राहून दिली."

नानाजीचा माग थांबला. श्रावणला आधी कळेचना. मग अंगाचा नुसता भडका उडाला. "शपथ तूनंच घातली होती मले! तूनंच!"

"अरे, वडिलांपुढे माझं काय चालणार?" शरच्चंद्र हसला. मेल्याला हसू आलं तरी कसं! "आणि तुझं असं काय अडलंय? तुमचा माग आहेच की. मॅट्रिक नसतं तर मी काय केलं असतं?"

पुडा उंबऱ्यावर ठेवून तो निघून गेला. श्रावण तिथंच मटकन बसला आणि घळाघळा रडू लागला. ज्यानं शिकायला लावलं त्यानंच आपल्याला बुडवलं, हे त्याला सोसवेना. कुसुमावती रहाट सोडून जवळ आली.

"भाऊ, त्यानं तुले फसवलं म्हणून तू रडून राहिला," ती म्हणाली. "मी कोणापाशी रडू गा?"

श्रावण जन्मभर मागावर बसला, आणि कुसुमावतीची शाळा सुटली ती सुटलीच. शरच्चंद्राचं नाव निघालं की म्हातारपणीसुद्धा त्याला शिव्यांची लाखोली वाहायचा. कुसुमावती माहेरी आलेली असली, की मात्र खाली मान घालून गप्प राहायचा.