दोन नळ्या आणि मेणाची बुचं

सत्तर सालच्या सुमारास सुरतच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना मी घरीच स्थिर विजेचं यंत्र करायला घेतलं. हाताने फिरवायचा रबरी पट्टा, वर पत्र्याचा पोकळ गोळा आणि तो पेलणाऱ्या प्लास्टिकच्या दोन नळ्या. शाळेच्या प्रदर्शनात चार बोटं लांब ठिणगी पाडून दाखवीन, असं मी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. सगळी भिस्त नळ्यांवर होती. त्यांच्यातून वीज झिरपली की ठिणगी नाही.

दुकानात काळे पाइप भरपूर होते, पण काळ्या रंगात काजळी असते आणि काजळीतून वीज पळते. मी एकेक नळी रेशमी चिंधीने घासून कागदाचे कपटे किती वेळ चिकटतात ते बघत बसलो. पाइप घ्यायचाय की खेळत बसायचंय, म्हणून दुकानदार वैतागला. "साहेब, पाइप लेवी छे के रमत करवी छे?" शेवटी आरपार दिसणाऱ्या दोन नळ्या आणल्या, साबणाने धुतल्या, आतून फडकं फिरवलं आणि दोन्ही तोंडं मेणाने बंद केली. श्रावण चालू होता. ओल आत शिरू नये म्हणून केवढी ही खबरदारी, असं मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दसऱ्याला बायकोने शिलाई मशीन आणि सायकलीबरोबर यंत्राचीही पूजा केली. नळ्यांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं उठली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक दोन शिक्षकांना घेऊन यंत्र बघायला आले. मी दांडा फिरवून घामाघूम झालो, ठिणगीचा पत्ता नाही.

"कसलं हे शहाणपण! विजेला वाट करून दिलीस," मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. ती चहा ठेवून आत गेली.

पाहुणे गेल्यावर मी नळ्या स्पिरिटने लख्ख पुसल्या. तरी ठिणगी नाही. आता अंगण वाकडं म्हणायचीही सोय उरली नाही.

ती दारातून बघत होती. "अहो, पापडाचा डबा मी पावसाळ्यात धुऊन लगेच बंद करते का? ओल आतच कोंडते."

मी नळी उजेडात धरली. आतून ती धुकट दिसत होती.

आम्ही मेण खरवडून काढलं, नळ्या तीन दिवस गच्चीवर कडकडीत उन्हात ठेवल्या. मग भर दुपारी तिने जुन्या कढल्यात मेण वितळवलं. मी नळी धरली, तिने बुचं भरली. माफी तेव्हाच मागता आली असती. पण ओरडलो होतो चार माणसांत, तर चूकही चार माणसांतच कबूल करायची, प्रदर्शनात, असं मी मनाशी पक्कं केलं.

प्रदर्शनात चट्कन ठिणगी पडली. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मास्तर, दोष सापडला कसा?"

बायको बायकांच्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती.

"विचार केला, नळीच्या आत ओल असणार," मी म्हणालो.

"शाबास!"

'दोष बायकोने शोधला', एवढं सोपं वाक्य होतं, पण मी शाबासकीच घेतली. तिनेही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना ती म्हणाली, "ठिणगी छान पडली हो."

मी सायकल हातात धरून तिच्या दोन पावलं पुढे चालत राहिलो. बरोबरीने चालायची मला लाज वाटत होती.