मी पुसलेला शेरा

तो आमच्या चंदीगडच्या ऑफिसात आला तेव्हा सगळ्यात जास्त खूश मीच झालो होतो. टीममध्ये दुसरा मराठी माणूस, साताऱ्याचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. सहा महिन्यांत मॅनेजर प्रत्येक अडचण त्यालाच विचारू लागले. माझी मुलगी मला हिंदीत उत्तर देते; तो जेवायला आला की त्याच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत गप्पा मारायची. मला ते बघवेना.

आम्ही व्हर्च्युअल मशीनसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरनंच बनवलेल्या कॉम्प्युटरसाठी, नेटवर्क कार्ड लिहितो. खरं कार्ड नसतंच, सगळं सॉफ्टवेअर. सुरुवातीला कार्ड आपल्याला काय काय जमतं ते सांगतं; मशीनमधला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्यातलं स्वतःला कळतं तेवढंच स्वीकारतो, आणि पुढे कार्डानं तेवढ्यावरच चालायचं. त्याच्या कोडमध्ये एका ओळीत, ड्रायव्हरनं काय स्वीकारलं हे न बघता, कार्डानं काय देऊ केलं तेच तपासलं होतं. नवा ड्रायव्हर सगळंच स्वीकारतो, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. जुन्यावर नेटवर्क बंद.

कोड तपासायला माझ्याकडे आला. ओळ लगेच दिसली. पूर्वी ही चूक मी स्वतः केली होती. शेरा लिहिला, पुसला, मंजुरी दिली.

अपडेटनंतर जवळच्या डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यातली जुन्या ड्रायव्हरची मशीन्स नेटवर्कवरून तुटली. दिवसभर पॅकिंग बंद.

"गलती मेरी है, सर," तो मीटिंगमध्ये म्हणाला. त्याला टीम लीड करायचं ठरत होतं, ते थांबलं.

मॅनेजर माझ्याकडे वळले. "आपने भी नहीं देखा?"

"नजर से छूट गया, जी."

नंतर खाली चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "दादा, तुमच्या नजरेतून सुटलं म्हटल्यावर जरा बरं वाटलं. मी अगदीच गाढव नाही."

"सुटलं नव्हतं," मी म्हणालो.

तो हसला. "काय दादा, आज माझीच खेचायची का?" मग माझा चेहरा बघून त्यानं ग्लास खाली ठेवला. "दिसलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"तुझं चांगलं चाललेलं बघवत नव्हतं."

त्यानं टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले. "हे मला सांगून काय उपयोग? वर जाऊन सांगा."

मी गेलो. मॅनेजरनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अब बता रहे हो?"

पुढच्या महिन्यात तो लीड झाला. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हाही आत जळतच होतं.