मोबाईलमधला वकील

माझा पहिला व्हिडीओ शेवटपर्यंत पाहणारी एकच व्यक्ती निघाली, आणि तिनंही तो कणीक भिजवता भिजवता पाहिला. काळा कोट, पांढरा बँड, पाठीमागं जाड पुस्तकांचं कपाट, आणि मी घसा ताणून बोलतोय, "सदर विषयाच्या अनुषंगाने वारसांचे अधिकार..." व्हिडीओ संपला तसा बायकोनं कोपरानंच मोबाईल पालथा घातला.

"अवो, तुमी कोनाले दम देऊन राह्यले?"

मला राग लवकर येतो. कोर्टात तो कामी येतो, घरात येत नाही. "ही कायद्याची भाषा आहे," मी म्हणालो.

"मंग कायद्यालेच पाठवा. लोकायले कायले पाठवता?"

दोन दिवस मी फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी कोट खुंटीला टांगला, ओसरीत खुर्ची टाकली आणि तिलाच समोर बसवलं. म्हटलं, चल, तुले समजलं तरच पुढं पाठवीन.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं. आमच्या संत्र्याच्या मुलखातल्या मालेगावात, बसस्टँडजवळ माझं ऑफिस. माणसं यायची ती सगळं होऊन गेल्यावर. सही करून मोकळी झालेली, अंगठा उठवून आलेली. आणि येताना तोंडावर असा भाव, की हा काळ्या कोटवाला आता आपल्याला आणखी गुंतवणार. आधी चार गोष्टी साध्या सांगितल्या तर निदान घाबरून तरी येणार नाहीत, असं मला वाटलं. वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नाही, असा आमच्या धंद्याचा दंडक. म्हणून व्हिडीओत नाव नाही, नंबर नाही, "माझ्याकडे या" नाही. नुसती माहिती. बायको म्हणाली, "म्हंजे मेहनत तुमची अन् फायदा साऱ्या वकिलायचा. वा रे धंदा!"

पहिला नीट जमलेला व्हिडीओ हक्कसोडीचा. आमच्याकडं भाऊबीजेला बहीण माहेरी येते. ओवाळणं होतं, साडी होते, आणि आलीच आहे तर त्याच फेरीत बापाच्या वावरातला हिस्सा भावाला सोडल्याची सहीही उरकून घेतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मी एवढंच बोललो होतो, "बाई, भावाले द्या ना, खुशाल द्या. पन सही कराच्या आधी कागद घरी न्या, वाचून घ्या, दोन दिवस इचार करा. सही झाली अन् नोंदनी झाली, का मंग हिस्सा वापस येत नाई."

तो व्हिडीओ बचतगटाच्या बायकांनी उचलला. मग काय! मोबाईलवरून मोबाईलवर पळत सुटला. त्यानंतर शेतात जायच्या वाटेच्या भांडणावर बोललो, तर एका आजोबांनी तलाठ्याच्या टेबलावर मोबाईल ठेवून माझा व्हिडीओच लावला आणि म्हणाले, "घ्या, आला नवा कायदा." तलाठी मला बाजारात भेटले तेव्हा हात जोडून म्हणाले, "वकीलसाब, आमच्या पोटावर पाय नका देऊ." मी भलताच खूश होतो त्या दिवसांत. चहावाला बिनसांगता साखर कमी टाकायला लागला होता, म्हणजे आता आपण मोठे झालो असं समजायचं!

आणि भाऊबीजेनंतर ऑफिसं उघडली त्या दिवशी एक जुने पक्षकार आले. जवळच्याच गावचे शेतकरी. त्यांची, त्यांच्या चुलत्यांची, सगळ्या भावकीची कामं माझ्याकडं. हक्कसोडीचा कागद मी आधीच तयार ठेवला होता. सोबत बहीण, रिठदला दिलेली, नवी कोरी साडी नेसलेली.

"साब, बाईची सही घेऊन टाका. मंग नोंदनीले जाऊ. तिची गाडी हाये दुपारची."

माणूस वाईट नव्हता. बाप गेल्यापासून वावर त्यानंच सांभाळलं, संत्र्याची झाडं त्यानंच जगवली. बहिणीनं पेन हातात घेतला आणि माझ्याकडं बघत राहिली.

"तुमीच नं थे? मोबाईलमंधले?"

मी छाती फुगवून म्हणालो, "हो ताई."

"मंग तुमी त म्हनलं होतं, कागद घरी न्या, वाचा, इचार करा. इथं त सारे आत्ताच कर म्हनून राह्यले. मोबाईलमंधला वकील खरा, का हा खुर्चीवरला?"

फुगलेली छाती जागच्या जागी बसली. भाऊ माझ्याकडं बघत होता, बहीण माझ्याकडं बघत होती. तिनं सही केली की बापाच्या मातीतलं तिचं जे होतं ते गेलं. नाही केली, तर अख्खी भावकी माझ्या ऑफिसातून गेली. खरं सांगतो, मी घाबरलो.

"ताई," मी म्हणालो, "मी तुमच्या भावाचा वकील आहे. तुमच्या बाजूनं बोलणारं इथं कोणी नाही. कागद घेऊन जा, दुसऱ्या वकिलाला दाखवा. आज सही नाही केली तर तुमचं काहीच बिघडत नाही."

"वकील माहा हाये का तिचा?" भाऊ उठलाच. फाईल काखेत मारली आणि पायऱ्या उतरून गेला. बहिणीनं कागदाची घडी पिशवीत ठेवली आणि त्याच्यामागं गेली.

त्या गावाहून मग कोणी फिरकलं नाही. बायकोपुढं मी खूप चिडचिड केली. ती म्हणाली, "काहून चिडता? खरं बोलले नं? मंग जेवा."

उन्हाळ्यात एक दिवस तोच भाऊ दारात उभा. सोबत त्याची पोरगी, नवी लग्न झालेली. सासरच्यांनी तिला कुठल्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करायला सांगितलं होतं.

"बाईनं नाई केली सही," तो खाली बसत म्हणाला. "लय बोललो मी तिले. आता वावर मीच करतो, तिच्या हिश्शाचं संत्र तिच्या घरी पोचवतो. बरं चाललं हाये." मग म्हणाला, "तुमी माह्या तोंडावर माह्या इरुद्ध बोलले. म्हून पोरीले तुमच्याकडंच आनलं."

मी पोरीला कागद मागितला आणि तिला स्वतःला काय वाटतं ते विचारलं. ती बापाकडं बघायला लागली, काय बोलू म्हणून. तसा तो उठला.

"मी बाहीर बसतो," तो म्हणाला. "तिले तिच्या मनानं ठरवू द्या."

आणि जाताना दार त्यानंच ओढून घेतलं.