मुन्शीजींचं सुंदर अक्षर

पेनाचं टोपण दातांत धरून मुन्शीजी समोरच्या जोडप्याला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि मग विचारत, "लग्न झालंय म्हणता. पण हे तुमाला सांगितलं कुणी?"

नवरा गोंधळून बायकोकडे बघे. बायको पदर तोंडाला लावून हसे. एखादा तापट गडी चिडून म्हणे, "चार लेकरं हायेत की!"

"लेकरं हा लग्नाचा पुरावा न्हाई. कागूद हाय का?"

आमच्या तालुक्याच्या कचेरीसमोर, कडुलिंबाच्या झाडाखाली, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी मांडून ते बसत. लोकांचे अर्ज लिहून देणारा असा अर्जनवीस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीसमोर पाहिला असेल. पण आमच्या मुन्शीजींची गोष्ट निराळी होती. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू शाळेतलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात तंबाखू आणि बोलण्यात दस्तावेज, मिसल, गवाह. महादेवाला नमस्कार करतानासुद्धा ते "अर्ज मंजूर व्हावा ही विनंती" असं म्हणत असावेत, असा आमचा कचेरीतल्या पोरांचा अंदाज होता. आणि अक्षर! ओळीवर मोती ठेवल्यासारखं. आमचे साहेब अर्ज न वाचता नुसतं अक्षर बघून सही करत.

मी त्या कचेरीत नवा कारकून होतो. लग्नांच्या नोंदवह्या माझ्याकडे होत्या. तेव्हा खेड्यात लग्न नोंदवायला कुणी येत नसे. नोकरीवाले यायचे, तेही वरून कागद मागितला की मगच. त्यामुळे माझं काम कमी आणि मुन्शीजींच्या पेटीजवळ बसून चहा पिणं जास्त.

लोक बहुधा लग्नपत्रिका घेऊन येत. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली, हळदीचे डाग पडलेली. मुन्शीजी ती उलटीपालटी करून परत देत.

"ही पत्रिका म्हंजे जेवायला या म्हणल्याचा पुरावा. जेवण झालं का, लग्न लागलं का, यात कुठं लिहिलंय?"

एकदा सोनपेठचे एक मास्तर बायकोला घेऊन आले. लग्नाचा दाखला हरवलेला. कुणी हरवला यावर बसस्टँडपासून भांडण चालू होतं. मुन्शीजींनी दोघांना गप्प केलं.

"दाखला हरवला तर हरवला. तेनं लग्न हरवत न्हाई, घाबरू नका. दाखला म्हंजे नुसती नक्कल. असल माल आत वहीत हाय. तारीख सांगा, नोंद हुडकू, दुसरी नक्कल मिळंल. बोला, लग्नाची तारीख?"

मास्तरांनी छाती काढून तारीख सांगितली. बाईंनी कपाळावर हात मारला. ती तारीख मास्तरांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची होती.

"सरकारकडून दाखला मिळंल," मुन्शीजी अर्ज लिहिता लिहिता मास्तरांना म्हणाले, "पण आज घरी जेवण मिळणार न्हाई. हाटेलातच खाऊन जावा."

मुन्शीजी कुणाचंही लिहीत. सकाळी वादीचा अर्ज, दुपारी प्रतिवादीचा. सासूची तक्रार सुनेविरुद्ध आणि त्याच शाईने सुनेची सासूविरुद्ध. मी एकदा म्हणालो, "मुन्शीजी, हे बरोबर आहे का?" ते म्हणाले, "न्हावी दाढी करताना गिऱ्हाईकाचा सभाव बघतो का?" मी हसलो होतो. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

मग शोभा आली.

राणीसावरगावच्या बाजूची बाई, तिशीच्या आत-बाहेरची. नवरा कालव्याच्या खात्यात खलाशी, म्हणजे वरकामाचा गडी होता, तो काविळीने गेला. मागे दोन मुली. खात्याचं म्हणणं, नवऱ्याच्या जागी काम मिळेल, पण लग्नाचा दाखला आणा. लग्नानंतर लगेच दाखला काढलेला होता, कारण नवऱ्याच्या साहेबाने तसं सांगितलं होतं. पण तो ट्रंकेत होता, आणि ट्रंकेत वाळवी शिरली. कागद तेवढे गेले. जुनी लुगडी मात्र शाबूत.

"वाळवी शहाणी हाय," मुन्शीजी म्हणाले. "पक्का कागूद बघून खाते."

बाई हसली नाही. ती आधीच दोनदा माझ्याकडे येऊन गेली होती आणि मी दोनदा 'नोंद आढळत नाही' असं सांगून तिला परत पाठवलं होतं. तिला तारीख माहीत नव्हती. लग्न कापूस वेचायच्या दिवसांत झालं, एवढंच. नवऱ्याचं नाव मारोती, सासऱ्याचं तुकाराम, आडनाव जाधव. आमच्या तालुक्यात एक दगड भिरकावला तर तीन मारोती तुकाराम जाधवांना लागेल.

त्या दिवशी ती दाखल्यासाठी आली नव्हती. खात्याकडून पत्र आलं होतं, ते वाचून घ्यायला आली होती. मुन्शीजींनी पत्र घेतलं. सोबत, त्या जागेवर स्वतःचा हक्क सांगणाऱ्या तिच्या दिराच्या हरकतीची प्रत होती. मुन्शीजी नेहमीप्रमाणे खड्या आवाजात वाचू लागले.

"सदर बाई ही मयताची लग्नाची पत्नी नसून, मयताने ठेवलेली..."

आणि थांबले.

"फुडं वाचा की," शोभा म्हणाली.

"फुडं काई न्हाई. सरकारी बडबड हाय."

त्यांनी कागद घडी घालून मांडीखाली घेतला. ती पाणी प्यायला हौदाकडे गेली, तेव्हा मी तो ओढून घेतला. एकच नजर पुरली. ओळीवर मोती ठेवलेले होते. 'ठेवलेली' या शब्दातला 'ठ' तर इतका गोल, की शाळेत फळ्यावर गिरवायला द्यावा.

"तुम्हीच लिहिलाय," मी म्हणालो.

"दोन महिन्यांमागं. एक जण आला, बोलला तसं लिहिलं. कोण, कुणाबद्दल, इचारलं बी न्हाई." त्यांनी तंबाखू थुंकली. कधी नव्हे ते त्यांच्याकडे विनोद नव्हता. "अक्षर चांगलं हाय म्हणून आजपातूर काहीबी लिहीत आलो, बापू."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. बाजार बंद, एसटी बंद. शोभा रात्री गावातल्या मावशीकडे राहिलेली, तिला परत जाता येईना. कचेरीत साहेब नाहीत, लोक नाहीत. मुन्शीजी मात्र चालत आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कचेरीच्या आत शिरून माझ्या टेबलासमोर बसले.

"काढ सगळ्या वह्या."

दुपारपर्यंत आम्ही चार मारोती तुकाराम जाधव काढले. एकाचं वय जुळेना, दोघांचं गाव. चौथ्याचं गाव जुळत होतं, वयही जुळत होतं. पण नवरीचं नाव होतं दगडाबाई. ही नोंद मी मागे पाहिली होती, आणि हा दुसरा कुणी मारोती समजून पान उलटलं होतं.

मुन्शीजींनी दाराशी बसलेल्या शोभाला आत बोलावलं.

"माय, माहेरी तुला काय म्हणायचे?"

मी घाईने काही बोलणार, तर मुन्शीजींनी हाताने थांबवलं. पंखा खडखडत होता. बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "दगडा. माज्या आधीची दोन लेकरं गेल्ती. नजर लागू नये म्हणून आज्जीनं तसं नाव ठिवलं. लगीन झालं तवा तेनी तांदळात नवं नाव लिव्हलं. शोभा. मंग कोणच दगडा म्हणलं न्हाई."

"अन् तू कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं का?"

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. बरोबरच होतं. मी दोनदा तिचं नाव विचारलं होतं आणि दोनदा तिने खरंच सांगितलं होतं.

मुन्शीजींचा विनोद तिथे परत आला. "बघ बापू. बाहेर एका विद्यापीठाचं नाव बदलायचं म्हणून मोर्चे, लाठ्या, जेल. किती सालं चाललंय. अन् बाईचं नाव? ताटात तांदूळ पसरा, अंगठीनं दोन अक्षरं वढा, झालं नामांतर! तिला कोण इचारतंय?"

मी दाखल्याची नक्कल लिहायला घेतली. त्यांनी माझा हात धरला. "नुसता दाखला नको. दाखला म्हंजे सालपट. तेच्यावर नवरा-बायको अन् तारीख, बस. आख्ख्या नोंदीची नक्कल दे. गवाहांसकट."

गवाह कोण, ते मी लिहिताना पाहिलं. मग दोघेही आम्ही बराच वेळ हसलो. शोभाला वाटलं, आम्ही तिच्या नावाला हसतोय. तेव्हा मुन्शीजींनी तिला उठून सगळं समजावून सांगितलं.

खात्याच्या कचेरीत सुनावणी झाली. मी रजा काढून गेलो, खरं तर तमाशा बघायला. मुन्शीजींनी 'दगडाबाई आणि शोभा ही एकच बाई' असं प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं. दीर तयारीने आला होता. मिशीला पीळ देऊन म्हणाला, "साहेब, दगडाबाई निराळी. ती भावाची पहिली बायको, सोडून गेली. ही तिच्या माघारी आलेली."

साहेबांनी चष्मा काढला. प्रकरण चांगलंच रंगात आलं होतं.

मुन्शीजी उठले आणि नोंदीची नक्कल दिरापुढे धरली. "खाली साक्षीदारात बघ. नंबर दोन. हे नाव कुणाचं?"

दिराने बघितलं. लग्नाच्या वेळी त्याला नुकतीच मिसरूड फुटली असेल. सही करायला मिळाली म्हणून हौसेने पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं लिहून ठेवलेलं.

"माजंच हाय," तो म्हणाला.

"म्हंजे लग्नात व्हतास."

"व्हतो."

"जेवलास?"

"जेवलो."

"मंग आता नवरीकडं नीट बघ. अन् ही ती न्हाई म्हणून सांग. मी लिहून देतो तुला. मागल्यासारखंच. लय सुंदर अक्षरात."

दीर तिच्याकडे बघू शकला नाही. शोभा मात्र त्याच्याकडे सरळ बघत होती. तिनेच त्याला लग्नानंतर पाच वर्षं भाकरी करून घातली होती, हे मला नंतर कळलं. शेवटी तो पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, "वहिनीच हाय."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. दिराला खोटं बोलल्याबद्दल काही होणार का, असं मी विचारलं तर मुन्शीजी म्हणाले, "मंग लिहिणाऱ्याला बी व्हाया पाहिजे." आणि त्याला स्वतःच हरकत मागे घेण्याचा अर्ज लिहून दिला.

बाहेर रसवंतीवर बसल्यावर त्यांनी शोभाला सांगून टाकलं. "माय, त्यो हरकतीचा अर्ज मीच लिहिल्ता. तुज्याबद्दलचा त्यो शब्द बी माज्याच हातचा."

ती ग्लास हातात धरून बसली. घुंगरू वाजत होते, ऊस चिरडला जात होता. मग म्हणाली, "तरीच. आतले साहेब म्हणत व्हते, अर्जाचं अक्षर लय चांगलं हाय."

मुन्शीजींनी स्वतःचा ग्लास तसाच बाजूला सारला.

जरा वेळाने तिने ग्लास खाली ठेवला. "आता त्याच अक्षरात माजं नाव लिहून द्या. दोनी नावं. मी गिरवते. कामावर अंगठा नको."

त्यांनी लिहून दिलं. तिला सेलूकडच्या एका कचेरीत शिपायाची जागा मिळाली. तिथला एक कारकून माझ्या ओळखीचा होता. तो वैतागून सांगायचा, "ती बाई हजेरीपटावर सही करते, 'दगडाबाई ऊर्फ शोभा मारोती जाधव'. आख्खी! शेजारच्याच्या चौकटीत घुसते. सांगितलं तर ऐकत नाही."

मुन्शीजींत त्यानंतर एक फरक पडला. कुणी तक्रार सांगू लागला की पेन थांबवून विचारत, "खरं हाय का? माज्या अक्षरात जायलंय हे." निम्मं गिऱ्हाईक तुटलं. उरलेलं निम्मं खरं बोलू लागलं असं नाही, पण जरा विचार करून खोटं बोलू लागलं.

पुढे माझी बदली परभणीला झाली. मुन्शीजींना अर्धांगवायू झाल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. उजवा हात गेला होता, आणि वाचाही. बाजेवर उशीला टेकून बसलेले. विभूतीचे पट्टे कुणी तरी ओढून दिले होते, जरासे वाकडे.

त्यांच्या बायकोला मी इतक्या वर्षांत कधी बोलताना ऐकलं नव्हतं. चहा ठेवून आत जायची, बस. आता मात्र ती वाटीतला वरणभात कालवत त्यांच्यापुढे मांडी घालून बसली होती आणि बोलत होती. शेजारणीची म्हैस, जावयाचं वागणं, पंधरा वर्षांमागे त्यांनी आणलेली फाटकी सतरंजी, तिच्या भावाला लग्नात दिलेला आखूड फेटा. घास भरवायची, तोंड पुसायची, पुन्हा चालू.

"चाळीस वर्सं ह्यांचंच आयकलं बगा," ती मला म्हणाली. "आता म्हणलं, आमचा बी अर्ज घ्या."

मुन्शीजी हसले. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं, पण तेवढं पुरेसं होतं.

मी उठलो, पायाला हात लावला. त्यांनी डावा हात जरासा उचलला. बाहेर पडून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो तरी तिचा आवाज मागून येत होता. त्या फेट्यावरून आता ती त्यांच्या मामापर्यंत पोचली होती.