माझं पोर किल्ली फिरवायचं नाही

आमचे हे जमिनीखाली नोकरीला आहेत. चार मजले खाली एक खोली, दोन खुर्च्या, दोन किल्ल्या. वरून हुकूम आला की दोघांनी एकाच वेळी किल्ली फिरवायची, आणि क्षेपणास्त्र सुटून सीमेपलीकडचं एखादं मोठं शहर माणसांसकट संपायचं. ती वेळ येऊ नये म्हणूनच ही तयारी, असं हे सांगतात. आपण फिरवूच, ही समोरच्याला खात्री हवी.

आणि माणूस कसा, तर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थापा मारणार. आत मांजर झोपलं असेल तर उठून जावं म्हणून! मी वैतागते, "अहो, उशीर होतोय!" तरी थांबणारच.

सासूबाई घरीच शिवणकाम करतात. गेल्या महिन्यात दोन्ही देशांनी एकमेकांना बेचिराख करायच्या धमक्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा ब्लाउजचं माप देता देता एक बाई रडायलाच लागली. सासूबाईंच्या तोंडाला कधी कुलूप असतं का? म्हणाल्या, "अगं, घाबरतेस कशाला? किल्ली माझ्या पोराकडे आहे. जीव गेला तरी तो फिरवायचा नाही." मी डोळे वटारले, पण उपयोग काय? खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं. त्याच भरवशावर तर मला झोप लागायची.

बोलणं वरपर्यंत गेलं आणि ह्यांना तातडीचं बोलावणं आलं. सासूबाईंनी हाय खाल्ली. "मी साहेबांच्या हातापाया पडते. म्हातारी बरळली म्हणते. पोराची नोकरी माझ्या जिभेपायी नको जायला."

दुपारी हे परत आले. नोकरी शाबूत होती.

"काय विचारलं रे?" सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"काहीच नाही. नेहमीसारखं खाली बसवलं. थोड्या वेळाने हुकूम आला. हुकुमाचे सगळे गुप्त आकडे जुळले. मी फिरवली. मग फोन आला, की वायर आधीच काढून ठेवली होती, फिरवतो का तेवढंच बघत होते."

मी खाली बसले.

"पण ते खोटं आहे, हे तुला कळलं असेल ना?"

"नाही गं, आई."

"निदान हात तरी थरथरला असेल."

"शेजारच्या खुर्चीतल्याचा थरथरला. त्याने नाही फिरवली. त्याला काढून टाकलं."

सासूबाईंनी ह्यांच्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाल्या, "त्याची आई कुठे राहते रे? मला भेटायचंय तिला."