गिरणेच्या वाळूतली आईची वाडी

गिरणेच्या वाळूत आईची टरबूज-डांगरांची वाडी होती. सातबारा वगैरे काही नाही. पाणी ओसरलं की ज्याने त्याने आपल्या जागेवर काट्या रोवायच्या आणि गावाने ते मानायचं.

वाळूला भाव आला आणि आमच्या भाऊबंदांतलाच एक जण ठेकेदार झाला. त्याचं पोकलेन फळं धरलेल्या वेलांवरून गेलं. आई कच्ची टरबुजं पदरात गोळा करत होती, तेव्हा तो म्हणाला, "काकू, पूर उना का वाळू परत ई जाई. मंग लाव तुनी वाडी." गावालाही ते पटलं, कारण आजवर पुराने वाळू आणलीच होती. वरच्या अंगाला धरण झालंय, वाळू आता तिथेच अडणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग फाट्यावर ढाबे आले, लॉज आला, टायरची दुकानं आली. चाळीसगावची माणसं आमच्याकडे मटण खायला येऊ लागली. ठेकेदाराने तीन मजली बंगला ठोकला. आई मात्र पुन्हा नदीत उतरली नाही. मरेपर्यंत नाही.

वाळू संपली, खाली खडक लागला, विहिरी आटल्या. आता लॉजमध्ये शेळ्या बांधतात. बघून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पाणी राहिलं ते माझ्या एकटीच्या विहिरीला. माझ्या शेतासमोरच्या उतारावर मी विळा घेऊन बसायचे, एकही डंपर खाली नदीत उतरू दिला नाही, म्हणून तेवढी वाळू राहिली. तेव्हा लोक मला येडी म्हणायचे.

यंदा उन्हाळ्यात ठेकेदाराच्या मुलीचं लग्न निघालं. बंगल्याच्या दारात मांडव घालायचा म्हणून तो टँकर भरून पाणी मागायला आला. मी सांगितलं, तहानेला कुणीही येवो, पाजीन. टँकर भरणार नाही. गावाने मध्यस्थी केली, मी ऐकलं नाही. शेवटी त्याला चाळीसगावचं मंगल कार्यालय धरावं लागलं.

जायच्या दिवशी त्यांची गाडी माझ्या शेतापाशी थांबली. हळद लागलेली पोर उतरली, मागोमाग तो. मी तिला पाणी दिलं. पिऊन झाल्यावर तिने सरळ विचारलं, "आत्या, आमनावर इतला राग काबर शे?"

मी सगळं सांगितलं. वेल, पोकलेन, आईचा पदर. तो मधेच म्हणाला, जाऊ दे अक्का, आज नको. मी थांबले नाही.

पोरीने बापाकडे वळून विचारलं, "खरं शे का?"

त्याने गाडीचं दार उघडलं. येताना ती त्याच्या शेजारी बसली होती, जाताना मागे जाऊन बसली.

हळदीच्या पोरीला असं सांगायला नको होतं, असं सगळे म्हणतात. म्हणोत. आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवले.